मॉड टाकला आणि गेम बसला: वाचकांचे प्रश्न

‘सध्या काय खेळताय आणि त्यात कोणते मॉड घातलेत?’ असं गेल्या अंकात विचारलं होतं. (मॉड म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल किंवा भर.) पत्रं भरपूर आली, पण कौतुक थोडं आणि रडगाणी जास्त. त्यातले इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतलेत. ‘गेम चालत नाही’ एवढ्या एका ओळीवर उत्तर देता येत नाही. गेमची आवृत्ती, मॉडची आवृत्ती आणि गेम नेमका कुठे बंद पडतो, हे तिन्ही लिहा.

स्कायरिम स्पेशल एडिशन, चाळीसेक मॉड. महिनाभर छान चाललं. मग स्टीमने (गेम विकणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या ॲपने) गेम अपडेट केला आणि स्काययूआय या मॉडचा मेनू गायब झाला, मॉडच्या सेटिंगचं पानही उघडत नाही. सगळं काढून पुन्हा टाकायचं का? (सांगली)

अजिबात नको. चाळीसपैकी बहुतेक मॉडना काहीही झालेलं नाही. मोडलाय तो एसकेएसई (इतर मॉडना जास्तीची कामं करू देणारा पायाभूत प्रोग्रॅम), आणि त्याच्यावर उभे असलेले मॉड त्याच्यासोबत आडवे झालेत.

एसकेएसई गेमच्या मुख्य एक्झी फाइलमध्ये ठरलेल्या पत्त्यांवर जाऊन काम करतो. एक्झी बदलली की पत्ते सरकतात, म्हणून प्रत्येक आवृत्तीसाठी एसकेएसई वेगळा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३० ही आवृत्ती आली तेव्हा जगभर हीच बोंब झाली होती. आता मॉडवाल्यांचे मुख्यतः दोन गट आहेत: जुन्या १.५.९७ वर मुक्काम ठोकलेले आणि १.६.११७० वर आलेले. तुम्ही नकळत या गटातून त्या गटात गेलात.

आधी गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिम-एसई एक्झीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा आणि आवृत्ती कागदावर लिहून घ्या. स्टीमवरच्या १.६.११७० साठी एसकेएसई २.२.६ लागतो, १.५.९७ साठी २.०.२०. झिपमधला लोडर (गेम सुरू करणारी फाइल) आणि डीएलएल (प्रोग्रॅमचा तुकडा असलेली फाइल) थेट एक्झीच्या शेजारी ठेवा. डेटा फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्सही कॉपी करा. निम्मे लोक हे विसरतात आणि ‘एसकेएसई सुरू आहे, तरी मेनू नाही’ म्हणून पत्र लिहितात. त्यानंतर ॲड्रेस लायब्ररी, म्हणजे मॉडसाठी त्या पत्त्यांची यादी. तिच्या १.५ आणि १.६ साठी वेगवेगळ्या फाइली आहेत, चुकीची घेतली तर गेम मुख्य मेनूपर्यंतही पोचत नाही. शेवटी ज्या मॉडमध्ये डीएलएल आहे तेवढेच मॉड तपासा. चाळीसमध्ये असे आठ-दहा निघतील. कपडे, तलवारी, घरं, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) यांना हात लावू नका.

तोवर जुना सेव्ह उघडून त्याच्यावर पुन्हा सेव्ह करू नका. एसकेएसई नसताना सेव्ह केलं की मॉडनी त्यात ठेवलेली माहिती गळून पडते. नंतर मॉड परत आले तरी ती माहिती परत येत नाही.

पुढच्या वेळी हा प्रकार टाळायचा तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून ‘गेम सुरू केल्यावरच अपडेट’ हा पर्याय निवडा आणि गेम कायम एसकेएसईच्या लोडरमधूनच सुरू करा, स्टीमच्या प्ले बटणाला हात लावू नका. स्टीमॲप्स फोल्डरमधली ४८९८३० क्रमांकाची ॲपमॅनिफेस्ट फाइल रीड-ओन्ली केली तर आणखी बरं.

त्याच गेममध्ये काही गावकऱ्यांचे चेहरे राखाडी-काळे दिसतात, गळ्याखाली रंग नेहमीचा. टेक्श्चर तीनदा बदलून झालं. (नागपूर)

टेक्श्चरचा यात काही दोष नाही. स्कायरिममध्ये प्रत्येक पात्राचा चेहरा दोन ठिकाणी असतो. प्लगिनमध्ये (मॉडच्या नोंदींच्या फाइलीत) त्याचं वर्णन असतं (नाक केवढं, केस कुठले, त्वचेचा रंग कोणता) आणि फेसजेनच्या फोल्डरमध्ये त्या वर्णनावरून आधीच घडवलेलं डोकं असतं. दोन्ही जुळले नाहीत की गेम चेहऱ्याला रंग चढवत नाही. तुमच्याकडे बहुधा चेहरे सुंदर करणारा एक मॉड आहे आणि त्याच पात्रांना हात लावणारा दुसरा कुठलातरी आहे. डोकं एकाचं जिंकलं, वर्णन दुसऱ्याचं.

मॉड ऑर्गनायझर (मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर हे दिसायला सोपं आहे. डाव्या यादीचा क्रम फाइलींसाठी असतो, उजव्या यादीचा प्लगिनसाठी. चेहऱ्याचा मॉड दोन्ही याद्यांत दुसऱ्याच्या खाली हवा. लोक डावीकडे खाली ओढतात आणि उजवीकडे विसरतात. कोणता मॉड आड येतोय ते कळत नसेल तर एसएसई-एडिट या प्लगिन तपासायच्या साधनात त्या पात्राची नोंद उघडा. सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात ज्याचं नाव, त्याचं वर्णन चालतं.

आड येणारा मॉड कामाचा असेल (म्हणजे त्या पात्राला नवं सामान किंवा नवी दिनचर्या देत असेल), तर त्याला वर ढकलून त्याचे बदल घालवू नका. एसएसई-एडिटमध्येच एक छोटा पॅच करा: चेहऱ्याचे रकाने पहिल्या मॉडचे, बाकीचे दुसऱ्याचे. एका पात्राला फार तर पाच मिनिटं लागतात.

४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. ४के टेक्श्चर टाकल्यावर शहरात शिरताना गेम अडखळतो. २के पुरेल का? (लातूर)

पुरेल. गणित असं: ४०९६ × ४०९६ चं एक टेक्श्चर आजच्या नेहमीच्या दाबलेल्या स्वरूपात १६ एमबी, त्याच्या लहान प्रती धरून साधारण २१ एमबी. त्याच्यासोबत खोलगट-उंचवटे दाखवणारं दुसरं टेक्श्चर असतंच, म्हणजे एका भिंतीला ४२. तेच २के (२०४८ × २०४८) मध्ये ११ च्या आत बसतं. डोंगर, जमीन आणि नायकाचं चिलखत २के ठेवा, कारण नजर तिथेच असते. भांडी, टोपल्या, पुस्तकं १के. चीजचा तुकडा ४के मध्ये देणारे मॉड आहेत आणि लोक ते टाकतातही, पण तो तुकडा पडद्यावर अंगठ्याएवढाच दिसतो.

आम्ही तिघं मित्र स्टार्ड्यू व्हॅली हा शेतीचा गेम मराठीत करतोय. मजकूर तयार आहे, पण गेममध्ये ‘कि’ची वेलांटी क-च्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. शिवाय मुलगा-मुलगी आणि तू-तुम्ही यांचं काय करायचं? (कोल्हापूर)

या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून सविस्तर.

गेममध्ये अधिकृत भाषा १२ आहेत, त्यात देवनागरी लिपीची एकही नाही. नवी भाषा जोडण्याची सोय १.५.५ पासून आहे आणि कंटेंट पॅचर या मदतनीस मॉडमधून ती वापरता येते. अडचण फाँटची आहे. हा गेम अक्षरं एका चित्राच्या पत्र्यावरून कापून एकामागून एक ठेवतो. युनिकोडमध्ये ‘कि’ ही क आणि नंतर वेलांटी अशीच साठवलेली असते. ती आधी काढायची हे फाँट चालवणारी यंत्रणा ठरवते, आणि ती यंत्रणा इथे नाहीच. रफार, अर्धी अक्षरं, ‘त्र’, ‘ज्ञ’ सगळं याच कारणाने मोडतं.

वाट एकच: अक्षरं आधीच जुळवून पत्र्यावर छापायची. तुमच्या पूर्ण मजकुरातून एका छोट्या स्क्रिप्टने अख्खी अक्षरं वेगळी करा, म्हणजे ‘कि’ एक, ‘र्ती’ एक, ‘स्त्रि’ एक. बाराखडीची सगळी कल्पनेतली जोडणी करत बसू नका, मजकुरात प्रत्यक्ष आलेलीच घ्या. युनिकोडच्या मूळ पट्ट्यात खासगी वापरासाठी ६४०० जागा राखीव आहेत, प्रत्येक अक्षराला त्यातली एक द्या. मग मजकुरातलं ‘र्ती’ त्या क्रमांकाने बदला आणि पत्र्यावर त्या क्रमांकाशी ‘र्ती’चं चित्र ठेवा. चित्रं काढायला मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. संवादाच्या चौकटीचा फाँट वेगळा आणि मेनूचे वेगळे, त्यामुळे हे काम एकाहून जास्त वेळा करावं लागेल. मूळ मजकूर मात्र नेहमीच्या युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवा आणि दुरुस्त्या त्यातच करा.

दोन जागी हमखास घोळ होतो. पहिला शिरोरेषेचा: अक्षराची रुंदी नोंदवताना रोमनसारखी दोन अक्षरांत फट ठेवली तर शिरोरेषा तुटक दिसते. रुंदी चित्राइतकीच द्या, उलट एक पिक्सेल कमी. दुसरा उंचीचा: ओळीची उंची ‘मूर्ती’ या शब्दावर बेता. त्यात खाली ऊकार आहे आणि वर रफार-वेलांटी, हा शब्द न कापता बसला की बहुतेक सगळे बसतात.

खेळाडू स्वतःचं नाव टाइप करतो तेव्हा ते तुमच्या स्क्रिप्टमधून जात नाही, म्हणून नाव रोमनमध्येच राहील. रोमन अक्षरंही त्याच पत्र्यावर ठेवा, नाहीतर नावाच्या जागी काहीच दिसणार नाही.

आता व्याकरण. संवादात ^ ही खूण मुलगा-मुलगी वेगळं करते: ‘तू आलास का?^तू आलीस का?’ पण पत्रांच्या फाइलीत हीच खूण नवी ओळ पाडते. तिथे ती लिंगासाठी वापरलीत तर दोन्ही वाक्यं एकाखाली एक छापून येतील. १.६ पासून वाक्याच्या मध्येच मुलगा-मुलगी बदलायचीही सोय आहे, सगळं वाक्य दोनदा लिहावं लागत नाही. #, $, @ या खुणा आणि त्यांना चिकटलेली अक्षरं जशीच्या तशी ठेवा. @ म्हणजे खेळाडूचं नाव. प्रत्यय चिकटवून ‘@ला’ चालतं. शेताच्या नावाला मात्र थेट प्रत्यय लावू नका. कुणी शेताचं नाव ‘Mala’ ठेवलं तर ‘Malaवर’ होईल. ‘Mala या शेतावर’ अशी रचना करा, नाव काहीही असो, वाक्य मोडत नाही.

तू-तुम्ही ठरवताना एक फायदा लक्षात घ्या: ‘तुम्ही आलात’ हे दोघांनाही चालतं, त्यामुळे निम्म्या ठिकाणी ^ लागतच नाही. सरपंच लुईस, दुकानदार पियरे, डॉक्टर हार्वी सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणोत. एव्हलिन आजी आणि जॉर्ज आजोबा पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणतील, नाही म्हणाले तर खोटं वाटेल. जॅस आणि विन्सेंट ही लहान मुलं ‘दादा^ताई’. मैत्री वाढल्यावर ‘तुम्ही’चं ‘तू’ करायचा मोह होईल. तो फक्त लग्नाजोग्या पात्रांपुरता ठेवा आणि तोही लग्नानंतरच्या संवादात, ते वेगळ्या फाइलींत असतात. बाकीच्यांचे रोजचे संवाद कमी-जास्त हृदयांचे (गेममध्ये मैत्री हृदयांत मोजतात) मिसळून येतात, तिथे आज ‘तू’ आणि उद्या ‘तुम्ही’ असा गोंधळ होईल.

स्टार्ड्यूचे शंभर तास झाले. आता एक्सपांडेड हा मॉड टाकू की रिजसाइड व्हिलेज? (मडगाव)

एक्सपांडेड. तो आहे त्याच खोऱ्यात भर घालतो. पायाखालच्या वाटा बदलतात, जुन्याच माणसांच्या गोष्टी पुढे सरकतात, आणि शंभर तासांनंतर तेच हवं असतं. रिजसाइडमध्ये पन्नासच्या वर नवी माणसं आहेत आणि गाव वेगळं, केबल कारने जायचं. मॉड उत्तम आहे, पण रोजच्या दिवसात ते दुसरं गाव बसवताना पहिल्या वर्षी शेताची आबाळ होते. दोन्ही एकत्र चालतात, घाई मात्र करू नका.

टाकताना: एसएमएपीआयची (स्टार्ड्यूचे मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) झिप आधी पूर्ण उघडा. झिपच्या आतूनच इन्स्टॉलर चालवला तर तो चालत नाही. एक्सपांडेडला कंटेंट पॅचर आणि फार्म टाइप मॅनेजर हे दोन्ही लागतात. गेम सुरू होताना काळी खिडकी येते, ती लगेच खाली घालवू नका. तांबड्या अक्षरांत कोणता मॉड का वगळला ते सरळ लिहिलेलं असतं. एखादा मॉड तात्पुरता बंद करायचा तर त्याच्या फोल्डरच्या नावाआधी टिंब द्या. चालू शेतातून एक्सपांडेड काढू नका, त्यातल्या वस्तूंच्या जागी ‘एरर आयटम’ उरतात. एसएमएपीआय आपणहून शेवटचे दहा बॅकअप गेमच्या फोल्डरमध्ये ठेवतो, अनेकांना ते माहीतच नसतं.

मुलगा बारा वर्षांचा, माइनक्राफ्ट जावा खेळतो. लॅपटॉप ८ जीबीचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तो म्हणतो मॉड टाकले की गेम जलद होईल. हे खरं आहे का, आणि त्यात व्हायरसचा धोका किती? (नाशिक)

तो बरोबर सांगतोय. सोडियम हा मॉड चित्र काढण्याचं काम हलकं करतो, लिथियम गेमच्या आतला हिशेब. दोन्ही फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतात. फॅब्रिक आणि मॉड हे दोन्ही गेमच्या त्याच आवृत्तीसाठी बनवलेले हवेत. १.२०.१ चा सोडियम १.२१ वर चालत नाही, आणि फोर्ज या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमसाठीचा मॉड फॅब्रिकवर टाकला तरी उपयोग नाही. ऑप्टिफाइन हा वेग वाढवणारा दुसरा मॉड आधीपासून असेल तर काढा, सोडियमशी त्याचं पटत नाही.

त्याही आधी रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दिसतं ती सेटिंग) पाहा. तो १६ असेल तर गेम ३३ × ३३ म्हणजे १०८९ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळतो. ८ केला की १७ × १७, म्हणजे २८९. एकही मॉड न टाकता ओझं चौथाईवर येतं. रॅम लाँचरच्या जेव्हीएम ओळीत (जावाच्या सेटिंगच्या ओळीत) २ जीबी असेल तर ३ करा. ‘सगळी देऊन टाक’ असं मित्र सांगतील, तर ते ऐकू नका. ८ पैकी ६ दिली की विंडोजला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि गेम थोड्या थोड्या वेळाने गोठतो.

धोक्याचं म्हणाल तर मॉडची जार फाइल हा पूर्ण प्रोग्रॅम असतो, संगणकावर तो काहीही करू शकतो. टेक्श्चर पॅक मात्र नुसती चित्रं आणि नोंदी असतात. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस काही मॉडकर्त्यांची खाती बळकावून कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणाहूनच पसरला होता. तो ब्राउझरमधली लॉगिन चोरायचा आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींतही घुसायचा. म्हणून मॉड मॉड्रिंथ किंवा कर्सफोर्ज या साइटवरूनच घ्या, कालच वर चढवलेली फाइल दोन-चार दिवस थांबून घ्या, आणि व्हिडिओखालच्या लिंकवरून काहीही उतरवू नका. ज्या खात्यावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, ते त्या लॅपटॉपवर उघडं ठेवू नका.

युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये भारताचा नकाशा टाकला. मॉड मॅनेजरमध्ये हिरवा दिसतो, तरी गाडी युरोपातच उभी. (जळगाव)

तो नकाशा स्वतंत्र आहे. असे नकाशे युरोपला जोडले जात नाहीत, त्यांचं मॉड्यूल वेगळं असतं. नवं प्रोफाइल करा आणि ते बनवताना मॉड्यूलच्या जागी युरोपऐवजी त्या नकाशाचं नाव निवडा. जुन्या प्रोफाइलवर प्रयोग नको, नकाशा बदलला की चालू काम रद्द होतं. मॉडच्या यादीत जो वर, त्याचं चालतं. नकाशा जुन्या आवृत्तीचा असेल तर स्टीमच्या बीटा टॅबमधून गेमच मागच्या आवृत्तीवर नेता येतो. तरी पडलाच तर डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात गेम-लॉगची फाइल असते, तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचा.

जुना ‘जीटीए: सॅन आंद्रियास’ पुन्हा काढलाय. फ्रेम लिमिटर बंद केल्यावर चित्र एकदम मऊ झालं, पण नायक सीजे पाण्यात पुढेच जात नाही. (पिंपरी)

लिमिटर चालू करा. २००४ च्या त्या गेममध्ये बरीच गणितं फ्रेमच्या संख्येवर बांधलेली आहेत. सेकंदाला फ्रेम फार वाढल्या की पोहणं मंदावतं आणि गाड्यांचं वागणंही बदलतं. मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपलीच चूक आहे असं वाटत राहतं. सायलेंटपॅच हा दुरुस्तीचा मॉड टाका, इतर बऱ्याच जुन्या चुकाही त्यात सुधारल्यात. नव्या गाड्या टाकायच्या तर मूळ आयएमजी फाइल (जिच्यात गेमच्या गाड्या-वस्तू असतात) उघडूच नका. मॉडलोडर (मूळ फाइलींना न शिवता मॉड चालवणारं साधन) घ्या आणि प्रत्येक गाडीला त्यात स्वतंत्र फोल्डर द्या. गाडी नको झाली की फोल्डर उडवायचा, गेम होता तसा.